विदेशी गुंतवणूक आणि आपले वर्कशॉप: दोन दिवसांची कार्यशाळा, पैसे वसूल एकाच दिवसात

हिंगणा एमआयडीसीत माझे लहानसे मशीनिंग युनिट आहे. ‘विदेशी गुंतवणूक आणि स्थानिक पुरवठादार’ या विषयावर नागपुरातच दोन दिवसांची कार्यशाळा असल्याचे कळले, तेव्हा साडेतीन हजार रुपये भरताना मी फार विचार केला नाही. पुढे तक्रारीही असल्यामुळे आयोजकांचे नाव देत नाही.

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात २०१७ साली दसॉ ही फ्रेंच विमान कंपनी आणि रिलायन्स यांच्या संयुक्त प्रकल्पाची पायाभरणी झाली, तेव्हापासून आपल्याकडे एक लाडका समज आहे: मोठी विदेशी कंपनी शेजारी आली की आपल्या शेडमधले कामही आपोआप सुधारते. पहिल्या दिवशीच्या निवृत्त प्राध्यापकांनी तो अर्ध्या तासात मोडून काढला. व्हेनेझुएलातील कारखान्यांवरचा एटकेन आणि हॅरिसन यांचा १९९९ सालचा अभ्यास त्यांनी मांडला. विदेशी भांडवल आलेल्या लहान कारखान्यांची उत्पादकता तेथे वाढली, पण त्याच उद्योगातल्या पूर्णपणे देशी कारखान्यांची घटली. विदेशी कंपनीने गिऱ्हाईक ओढले की देशी कारखान्याचे काम कमी होते, भाडे आणि हप्ते मात्र तेवढेच राहतात, आणि मग प्रत्येक नगामागचा खर्च चढतो. हे गणित समोर बसलेल्या आम्हा मंडळींना फळ्यावर मांडून दाखवण्याची गरज नव्हती.

याउलट लिथुआनियावरच्या जावोर्चिक यांच्या २००४ च्या अभ्यासात विदेशी कंपन्यांना माल पुरवू शकणाऱ्या उद्योगांची उत्पादकता वाढलेली दिसली, आणि तीही जेथे त्या कंपन्यांची मालकी देशी व विदेशी अशी सामाईक होती तेथे. थोडक्यात, फायदा शेजाऱ्याला नव्हे, पुरवठादाराला होतो, कारण माल नापास झाला तर नुकसान गिऱ्हाइकाचेही असते आणि म्हणून तो शिकवायला येतो.

दुपारचे सत्र तर एकट्यानेच फी वसूल करणारे होते. प्रशिक्षकांनी लेथवर टर्न केलेला एक बुश (पोकळ, गोल सुटा भाग) आणि तो मोजायला एक मायक्रोमीटर आम्हा सात जणांत फिरवला, प्रत्येकाचे माप चिठ्ठीवर घेतले आणि काही न बोलता फळ्यावर लिहिले. ड्रॉइंगमध्ये एकूण टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०२ मिलिमीटर होता. आमच्या मापांतला फरक ०.०४ निघाला. तीन महिन्यांच्या रिजेक्शनबद्दल मी ज्या ऑपरेटरला बोल लावत होतो, त्याची आठवण तेव्हा झाली. सोमवारी पाहिले, तर आमच्याच मायक्रोमीटरच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकता तपासून घेण्याची, मुदत कधीच उलटून गेली होती.

दुसऱ्या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सभागृहातल्या कूलरच्या आवाजात मागच्या रांगांना काही ऐकू येत नव्हते, आणि जे ऐकू आले ते सामंजस्य करारांच्या कोटींचे आकडे होते. करार झाला म्हणजे गुंतवणूक आली असे नसते, हा फरक वक्त्यांनी सांगितलाच नाही. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यात आहे. ते पाळून घ्यायचे कसे, या प्रश्नाला ‘संबंध जपा’ एवढेच उत्तर मिळाले. आयटीआयची मुले आम्ही दोन वर्षे घडवतो आणि मोठी कंपनी त्यांना उचलून नेते, असे बुटीबोरीच्या एका उद्योजकाने सांगितले तेव्हा हशा पिकला. वास्तविक कामगारांची ये-जा ही कौशल्य पसरण्याची मोठी वाट आहे, आणि ती उलट दिशेने वाहू लागली तर लहान कारखान्याने काय करावे, यावर एक तास तरी द्यायला हवा होता.

मालकांपेक्षा सुपरवायझरने जावे अशी ही कार्यशाळा आहे. पुढच्या तुकडीला आमच्या सुपरवायझरला फक्त पहिल्या दिवसासाठी पाठवावे म्हणून मी फोन केला, तर ‘पॅकेज दोन दिवसांचेच आहे’ असे उत्तर मिळाले.