पोस्टग्रेस हा डेटाबेस आठ महिने वापरला, त्याच्या एरर मेसेजबद्दल सांगतो

आमचं दूध संकलनाचं सॉफ्टवेअर आहे, सकाळी सहाला डेअरीवर कॅन घेऊन रांग लागलेली असते आणि नेमका तेव्हाच एरर येतो. आधीच्या डेटाबेसचं नाव घेत नाही, पण तो नुसता एक नंबर आणि 'डेटा चुकीचा' एवढंच सांगायचा, मग तीन हजार ओळींची फाइल अर्धी अर्धी करून टाकत बसायचं, कुठली ओळ गंडलीय ते सापडेपर्यंत. रात्रीचे दोन वाजायचे.

पोस्टग्रेसवर पहिल्याच आठवड्यात उत्पादकांची फाइल कॉपी कमांडने भरताना अडकली, आणि खाली कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे एरर कुठे आला ते सांगणाऱ्या भागात, टेबलचं नाव, ओळ २१४७, कॉलम मोबाइल, आणि त्यात काय लिहिलंय ते सगळं समोर! कुणीतरी एकाच खान्यात दोन नंबर टाकले होते. पाच मिनिटांत काम झालं.

मुख्य मेसेज एका ओळीचा, मग डिटेल, जमलं तर हिंट, अशी त्याची पद्धत आहे. २३५०५ हा एरर कोड म्हणजे ड्युप्लिकेट, पण नंबर पाठ नसला तरी चालतं कारण कुठली व्हॅल्यू आधीपासून आहे ते डिटेलमध्ये येतं. कॉलमच्या नावात एखादं अक्षर चुकलं तर 'तुम्हाला हा कॉलम म्हणायचाय का' असंही विचारतो. पीएसक्यूएलमध्ये, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममध्ये, मेसेज अपुरा वाटला तर बॅकस्लॅश लावून एररव्हर्बोज टाका, तोच शेवटचा एरर पूर्ण तपशिलासकट परत दिसतो.

एक गोष्ट मात्र खरंच सुधारायला हवी. साध्या इन्सर्टमध्ये, म्हणजे नवी ओळ भरताना, मजकूर लांब झाला तर 'व्हॅरकॅर २० (जास्तीत जास्त २० अक्षरांचा मजकूर) साठी व्हॅल्यू मोठी आहे' इतकंच येतं, कॉलमचं नावच नाही. टेबलमध्ये २० चे चार कॉलम असले की झालं, बसा शोधत.

आणि डिटेलमधून कधी कधी अख्खी रो, म्हणजे टेबलमधली पूर्ण ओळ, लॉगमध्ये जाते, म्हणजे लोकांचे फोन, खाते नंबर सगळं, ते नको असेल तर लॉग एरर व्हर्बोसिटी हे सेटिंग टर्स (थोडक्यात) करा, पण मग हिंट आणि कॉन्टेक्स्टही जातात.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो कन्स्ट्रेंटला, म्हणजे टेबलमध्ये काय चालेल याच्या नियमांना, नीट नावं दिल्याने. आपण नाव दिलं नाही तर तो स्वतःच 'संकलन चेक १' असलं काहीतरी ठेवतो, त्यावरून कुणाला काय कळणार? आम्ही थेट मराठीत दिलं, 'फॅट_१५_च्या_वर_नको'. परवा एका ऑपरेटरने ६.५ च्या जागी ६५ टाकलं, स्क्रीनवर हेच नाव आलं, त्याने ते वाचून स्वतःच दुरुस्त केलं, आम्हाला फोनच आला नाही. फक्त नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी धरायची, त्यामुळे वीसेक चिन्हांतच बसवा, नाहीतर पुढचं कापलं जातं.