कच्च्या टाक्याचं पार्सल: ज्ञान पोस्टचा माझा अनुभव

निपाणीहून नागपूरला धाडलेल्या पुस्तकांच्या पावत्या मी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते. परवा डबा उपडा करून मोजल्या, एकसष्ट भरल्या. एकसष्ट वेळा एखादी कादंबरी इथून गेली आणि जवळपास तेवढ्याच वेळा तिकडून आली. वरच्या अकरा पावत्या ज्ञान पोस्टच्या आहेत. टपाल खात्यानं पुस्तकं पाठवायची ही सेवा १ मे २०२५ ला सुरू केली. माझ्याकडे कपडे शिवून घ्यायला येणाऱ्या दोन मास्तरीणबाईंनाही ती माहीत नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ब्लाउज शिवते. काही वर्षांपूर्वी आईला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रात्रपाळीला नागपूरकडची एक सिस्टर असायची. सलाईन बघायला आली की माझ्या मांडीवरचं पुस्तक उचलून नाव वाचायची. तिसऱ्या रात्री तिनं विचारलं, "ताई, तुमचं झालं की मला द्याल?" आई बरी होऊन घरी आली. वर्षभरात सिस्टर नोकरी बदलून परत नागपूरला गेली, आणि आमची देवघेव पोस्टावर आली.

दोघींत मिळून प्रत एकच घ्यायची, हे पहिल्यापासून ठरलेलं. आधी त्यात पैशाचा विचार होता. नवीन कादंबरी आता पाचशे-सहाशेच्या खाली मिळत नाही, आणि एका ब्लाउजची शिलाई किती मिळते ते मला विचारा. पण आता दोन प्रती घ्यायची ऐपत आली तरी आम्ही घेणार नाही. त्याचं कारण दोऱ्यांत आहे.

तेव्हा आम्ही रजिस्टर्ड बुक पोस्टानं, म्हणजे छापील पुस्तकांसाठीच्या टपालानं पाठवायचो. त्यात आत चिठ्ठी घालायची नाही, पाकिटाचं एक तोंड तपासायला उघडं राहिलं पाहिजे, असा नियम. चिठ्ठी नाही तर सांगायचं कसं की या पानाशी मी थांबले? मी त्या पानात दोरा घालायला लागले. आवडलं तिथं हिरवा, पटलं नाही तिथं लाल, आणि नुसतं डोळ्यात पाणी आलं तिथं पांढरा. पहिलं पुस्तक परत आलं तेव्हा माझे दोरे जागच्या जागी होते आणि शेजारी ड्रेसिंगच्या जाळीदार पट्टीचे बारीक तुकडे होते. ती तिची खूण. एका पानावर माझा लाल दोरा आणि तिची पट्टी एकत्र सापडली की समजायचं, रविवारी फोनवर तासभर जाणार. दोन प्रती असत्या तर हे जमलं नसतं.

१८ डिसेंबर २०२४ ला रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झालं. मधले चार-साडेचार महिने आम्ही पार्सलनं पाठवत राहिलो, पण दोन महिन्यांतून एकदाच, कारण पैसे मोजून द्यावे लागायचे. एकदा घाईनं एका खासगी कुरिअरकडे दिलं. पुस्तक नागपूरला पोचलं तेव्हा खालची पन्नास पानं भिजून वाळलेली, फुगून पापडासारखी झालेली. तिनं एकेक पान इस्त्रीखाली धरून सोडवलं. पुस्तक बचावलं, पण माझा पांढरा दोरा कुठल्या पानात होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

ज्ञान पोस्टचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वाढत वाढत ५ किलोला १०० रुपये, वर कर. सोबत क्रमांक मिळतो, त्यावरून पार्सल कुठं पोचलं ते फोनवर बघता येतं. माल जमिनीवरच्या वाहतुकीनं जातो, विमानानं नाही, तेव्हा उद्या पोचायला पाहिजे असल्या कामाला ही सेवा नाही. आमच्या अकरा खेपांत कमीत कमी पाच दिवस लागले, जास्तीत जास्त नऊ. मासिकं आणि धंद्याच्या जाहिराती यात चालत नाहीत. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं असावं लागतं. कादंबरी यात बसते का अशी मला शंका होती, कारण सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. मी काउंटरवर पुस्तक उघडून दाखवलं. साहेबांनी पहिली चार पानं चाळली, प्रकाशकाचं नाव बघितलं आणि वजनाला ठेवलं. तुम्हीही आधी दाखवूनच घ्या, घरून चिकटपट्टी गुंडाळून नेऊ नका.

बांधणीबद्दल मात्र मला अधिकारानं बोलता येतं. पुस्तक आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचं आणि तोंड दुमडून खाली घ्यायचं. मग चारही कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या. कोपरा मोडला की बांधणी सैल होते, आणि 'सातपाटील कुलवृत्तांत'सारखं सातशेवर पानांचं पुस्तक असेल तर पाठीचा कणाच सुटतो. वर मांजरपाट. पत्ता कापड सपाट असतानाच लिहायचा, शिवल्यावर अक्षर वाकडं येतं आणि शाई फुटते. तीन बाजूंना पक्की टीप मारायची. चौथी बाजू मी मोकळी नेते, काउंटरवर दाखवते आणि तिथंच उभ्यानं कच्चा टाका घालते. म्हणजे वाटेत कुणाला तपासायचं झालं तर एक टोक ओढलं की सगळं उसवतं, कापड फाडावं लागत नाही. आता मी दारात दिसले की आतून विचारतात, "अक्का, सुई आणलाय न्हवं?" आणखी एक. पुस्तकाच्या आतल्या पानावरही दोन्ही पत्ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. वरचं कापड गेलं तरी पुस्तकाला घर माहीत असावं.

पत्ता मराठीत लिहिला तर पोचतो का, असं मला इथं पुष्कळजण विचारतात. निपाणी कर्नाटकात, त्यामुळं पाट्या कन्नड, घरात बोलणं मराठी, आणि वीस किलोमीटरवर कागल, म्हणजे महाराष्ट्र. कागलचा पिनकोड ४ नं सुरू होतो, आमचा ५ नं. पिनकोड नीट लिहा, बाकी चिंता करू नका. तिचं पार्सल नेहमी देवनागरीत लिहिलेलं येतं. आमचे पोस्टमन कन्नड शाळेत शिकलेले, पण माझं नाव मराठीत वाचून हाक मारतात.

आता वाचण्याबद्दल. कृष्णात खोत यांचं 'रिंगाण' आम्ही साहित्य अकादमी मिळाल्यावर, म्हणजे २०२३ नंतर घेतलं. धरणात गाव गेलेली माणसं आणि मागं राहून रानटी झालेली म्हैस. खोत पन्हाळ्याकडचे, त्यामुळं त्यातली बोली मला माझ्या आजोळची वाटली. पानं भराभर उलटली. तिचा पहिल्या आठवड्यात निरोप आला, "ताई, मला तर चाळीस पानांतच धाप लागली. थोडं तुम्ही वाचून पाठवा ना." मग मी रोज रात्री मशीन बंद केल्यावर पाच-सात पानं मोठ्यानं वाचून फोनवरून आवाजाचा निरोप पाठवायला लागले. ती ड्यूटीवर जाताना बसमध्ये ऐकायची आणि मग प्रत घेऊन तीच पानं डोळ्यांनी वाचायची. कानानं आधी ऐकलं की बोली डोळ्यांना अडत नाही, हे तिचंच म्हणणं. कोल्हापुरी बोलीतली पुस्तकं बाहेरच्यांना जड जातात असं कुणी म्हणालं की मी आता हाच उपाय सांगते.

त्या पुस्तकावर आमचं जोरात वाजलं. मी तिला घटप्रभेवरच्या हिडकल धरणाबद्दल सांगत होते. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ तिथं पाण्याखाली असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि लोक बघायला जातात. मीही गेले होते, फोटो काढले होते. त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. तिच्या मावशीचं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणात गेलंय. ती म्हणाली, "तुम्ही देऊळ बघायला गेलात ताई. मावशी तिकडं तोंडसुद्धा करत नाही." मी ज्या पानाला हिरवा दोरा घातला होता, त्याच पानाला तिनं पट्टीच्या दोन गाठी मारून ठेवल्या होत्या. मी ते पान पुन्हा वाचलं. तिथं मला आधी निसर्ग दिसला होता. तिला तिथं मावशीचा गोठा दिसला.

उलटंही घडतं. राजन गवस यांची जोगतिणींवरची कादंबरी 'चौंडकं' (चौंडकं म्हणजे त्यांचं तंतुवाद्य) जुनी, पण तिनं वाचलेली नव्हती म्हणून पाठवली. जग (डोक्यावर घेऊन फिरतात ती देवी) म्हणजे काय, परडी (जोगव्याची टोपली) म्हणजे काय, हे तिला ठाऊक नव्हतं. सौंदत्ती आमच्याच बेळगाव जिल्ह्यात. मार्गशीर्ष पुनवेला यल्लम्माच्या वाटेनं कोल्हापूरकडच्या गाड्या आमच्या गावावरून जातात. तेव्हा हायवेजवळ एक म्हातारी जोगतीण झाडाखाली चौंडकं वाजवत बसली होती. तिला विचारून मी तीन मिनिटं तो आवाज घेतला आणि नागपूरला पाठवला. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसून सिस्टरनं ऐकला. तिनं उत्तरात एवढंच लिहिलं: आता पुन्हा पहिल्या पानापासून वाचते.

कन्नड कादंबरीचं काय करायचं हा प्रश्न होताच. मी शाळेत कन्नड शिकले आणि बेळगावहून घाऊक दोरा-अस्तर आणताना ते घासून पक्कं झालं. तिला अक्षर येत नाही. अनुवादक उमा कुलकर्णी यांच्याबद्दल वाचलं होतं, त्या मूळच्या बेळगावच्या. त्यांचे यजमान विरुपाक्ष कुलकर्णी कन्नड पुस्तक वाचून टेप करून ठेवायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. भैरप्पांच्या केवढ्या कादंबऱ्या आपल्याला अशा मिळाल्या! त्यावरून मी धीर केला आणि विवेक शानभाग यांची 'घाचर घोचर' घेतली. लहानशी आहे. बेंगळुरूतलं एक घर, मसाल्याच्या धंद्यात आलेला पैसा, आणि त्या पैशानं बदललेली माणसं. एक वाक्य कन्नडमध्ये वाचायचं, मग त्याचं मराठी सांगायचं, असे अठ्ठावीस निरोप झाले. नावातला शब्द कुठल्याच कोशात नाही, एका घरापुरताच आहे. गुंता झाला की नायकाच्या बायकोच्या माहेरी तसं म्हणतात. हे सांगताना माझ्या मशीनखालची बॉबिन खरोखर गुंतली होती. मी दोरा सोडवण्याचा आवाजही तसाच जाऊ दिला. आता तिच्या वॉर्डात सलाईनच्या नळ्या गुंतल्या की ती बरोबरच्या सिस्टरला म्हणते, घाचर घोचर झालं बघ. पुस्तक तिला वाचता येणार नव्हतं तरी मी दोरे घालून ज्ञान पोस्टनं पाठवलंच. जिथं आपण हसलो ते पान हाताला लागावं म्हणून.

माझ्या गावात महादेव मोरे यांनी पिठाची गिरणी चालवत आयुष्यभर लिहिलं. त्यांच्या कादंबऱ्या तिला हव्या आहेत. जुन्या प्रती मिळणं अवघड आहे, पण शोधते आहे.

सध्या प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' आमच्यात फिरते आहे, २०२२ ची अकादमीवाली. मी तिला मे महिन्यात पाठवली होती, मंगळवारी परत आली. मांजरपाट उसवलं तर आत माझेच सात दोरे आणि तिच्या चार पट्ट्या. एका पानावर दोन्ही एकत्र आहेत, माझा लाल आहे. त्यावर अजून बोलणं झालेलं नाही. रविवारी तिची सुटी आहे.