ट्रान्सफॉर्मरसाठी घेतलेला १०० अँपिअरचा फ्यूजवाला डिस्कनेक्ट: डबा एक नंबर, पण किट वेगळं घ्यावं लागतं

सहा महिने झाले हा डिस्कनेक्ट, म्हणजे वीज तोडायचा हँडलवाला स्विच, भिंतीवर लागून, आता लिहायला हरकत नाही. मी इथे अमेरिकेत एका मशीन शॉपमध्ये मेंटेनन्स बघतो. आमच्याकडे ४५ केव्हीएचा ड्राय टाइप (तेल नसलेला) ट्रान्सफॉर्मर आहे, आत येणारी बाजू म्हणजे प्रायमरी ४८० व्होल्ट डेल्टा, बाहेर जाणारी म्हणजे सेकंडरी २०८/१२० स्टार (डेल्टा आणि स्टार या आतल्या जोडणीच्या पद्धती). बसवला तेव्हा प्रायमरीला फक्त पॅनलमधला ७० अँपिअरचा ब्रेकर होता आणि ते पॅनल भिंतीपलीकडच्या खोलीत. बसवणारा म्हणाला, ब्रेकर आहे ना, तोच डिस्कनेक्ट, अजून काय पाहिजे.

इन्स्पेक्टर आला, ट्रान्सफॉर्मरसमोर उभा राहिला आणि एवढंच विचारलं, "हा बंद कुठून करायचा?" मी भिंतीकडे बोट दाखवलं. नापास!

इथल्या एनईसी, म्हणजे नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, २०११ च्या आवृत्तीपासून ४५०.१४ हा नियम आहे. डिस्कनेक्ट ट्रान्सफॉर्मरच्या नजरेच्या टप्प्यात हवा, म्हणजे तिथून दिसला पाहिजे आणि ५० फुटांच्या आत हवा. लांब ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग तो कुलूप लावता येईल असा हवा आणि तो कुठे आहे ते ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेलं हवं. आमच्याकडे कुलूपही नाही आणि पाटीही नाही. खरं सांगायचं तर ब्रेकरला लॉक आणि ट्रान्सफॉर्मरवर एक पाटी एवढ्यावर काम भागलं असतं. पण तोपर्यंत आमची दुसरी डोकेदुखी चालूच होती.

शनिवार-रविवार ट्रान्सफॉर्मर बंद ठेवायचो, सोमवारी चालू केला की ब्रेकर कधी टिकायचा, कधी धाडकन ट्रिप. फुल लोड करंट ५४ अँपिअर, पण चालू करताना क्षणभर त्याच्या ८ ते १२ पट करंट ओढला जातो, आणि नेमका किती ते व्होल्टेजची लाट त्या क्षणी कुठे आहे त्यावर ठरतं, म्हणून दर सोमवारी वेगळा तमाशा. ब्रेकरचा मॅग्नेटिक ट्रिप, म्हणजे मोठा करंट दिसला की लगेच तोडणारा भाग, वाट बघत बसत नाही. एकाने ब्रेकरच खराब म्हणून बदलायला लावला, तो बिचारा आपलं काम करत होता.

मग दुसऱ्या, लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने नीट मांडणी केली. पॅनलमध्ये १०० चा ब्रेकर, तिथून ३ नंबरची तांब्याची वायर, ट्रान्सफॉर्मरशेजारी हा स्विच आणि त्यात ७० चे टाइम डिले फ्यूज, म्हणजे चालू करतानाचा क्षणभराचा झटका सोसणारे. ५४ चे १२५ टक्के म्हणजे साधारण ६८, पुढचा स्टँडर्ड साइज ७०, तेवढी सूट कोडचा ४५०.३ हा नियम देतो. तेव्हापासून एकही सोमवार वाया गेलेला नाही.

आता स्विचबद्दल. हँडल ऑफला नेलं की खिडकीतून उघडलेले ब्लेड (वीज जोडणाऱ्या पट्ट्या) डोळ्यांनी दिसतात, हे मला सगळ्यात आवडलं. हँडलला तीन कुलपं बसतात, म्हणजे काम करणारे तिघे आपापलं लावू शकतात. ऑन असताना दार उघडत नाही. फक्त लक्षात ठेवा, ऑफ केलं तरी वरच्या लाइनच्या टर्मिनलला ४८० असतंच, मीटर लावल्याशिवाय हात घालू नका.

तक्रार एकच, पण मोठी. क्लास आर फ्यूजचं रिजेक्शन किट, म्हणजे क्लास आर सोडून दुसरा फ्यूज बसू न देणारा भाग, डब्यात येत नाही, वेगळं मागवावं लागतं. ग्राउंडिंगचा लग (अर्थिंगची वायर जोडायचा तुकडा) पण वेगळा!! किट नसेल तर त्याच क्लिपमध्ये जुने क्लास एच फ्यूजही बसतात आणि मग शॉर्ट सर्किट रेटिंग, म्हणजे शॉर्ट झाल्यावर स्विच किती करंट सोसतो ते, २ लाख अँपिअरवरून थेट १० हजारावर येतं. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीची एक ओळ बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापायला काय जातं यांचं? आमचे चार दिवस त्या किटची वाट बघण्यात गेले.

आणि मी जवळजवळ चूक केलीच होती, स्वस्त दिसला म्हणून जनरल ड्युटी, म्हणजे हलक्या कामाचा स्विच कार्टमध्ये टाकला होता. तो २४० व्होल्टपर्यंतचाच असतो. ४८० ला ६०० व्होल्टचा हेवी ड्युटीच लागतो आणि फ्यूजही ६०० चेच. ७० चा फ्यूज १०० च्या स्विचमध्ये बसतो, ६० चा मात्र रिड्यूसरशिवाय (लहान फ्यूज मोठ्या क्लिपमध्ये बसवायचा तुकडा) नाही.

अजून एक, कारण ट्रान्सफॉर्मर बसवणाऱ्या पहिल्या माणसाने इथेही घोळ घातला होता. हा स्विच घेतला म्हणजे सेकंडरीचं टेन्शन संपलं असं नाही. प्रायमरीला १२५ टक्क्यांवाला फ्यूज असला की ट्रान्सफॉर्मर स्वतः सुरक्षित, हे बरोबर, पण डेल्टा-स्टारमध्ये प्रायमरीचा फ्यूज सेकंडरीच्या वायरचं संरक्षण करतो असं कोड मानत नाही. ट्रान्सफॉर्मर वाचवणं वेगळं, वायर आणि पॅनल वाचवणं वेगळं. आम्ही १० फुटांच्या आत १५० च्या मेन ब्रेकरचं पॅनल लावलं, मधे एकही जोड नाही.

पाचपैकी चार स्टार, एक त्या किटचा कापला. ऑर्डर करताना स्विच, किट, लग आणि तीनाऐवजी सहा फ्यूज एकदमच टाका, जास्तीचे तीन आमच्याकडे डब्याशेजारी पिशवीत टांगलेत.