बीदर की विजापूर? दख्खनचे महाल पाहायला निघण्याआधी

दोन दिवसांची सुट्टी आहे, दख्खनी सुलतानांचे महाल पाहायचे आहेत आणि एकच गाव निवडायचंय. अशा वेळी बहुतेक जण विजापूर निवडतात, कारण गोल घुमट. पण गोल घुमट ही कबर आहे. सुलतान राहायचे कसे, दरबार कुठे भरायचा, भिंती कशा सजवायचे, याची ओढ असेल तर माझं मत बीदरला.

बहमनी सुलतान अहमदशहा वली याने १४३० च्या सुमारास गुलबर्ग्याहून राजधानी बीदरला आणली. जांभ्या दगडाचा हा किल्ला आणि त्याभोवती कातळ खोदून केलेला तिहेरी खंदक बघताच छाती दडपते. आतला रंगीन महाल मात्र अगदी लहान. तो आज दिसतो तसा सजवला अली बरीदशहाने, १५४२ ते १५८० या त्याच्या कारकिर्दीत. तोवर बहमनी साम्राज्याचे पाच तुकडे झाले होते आणि बरीदशाहीच्या वाट्याला छोटा मुलूख उरला होता. तरीही कामात कुठे हात आखडलेला नाही. कोरीव लाकडी खांब आपल्या जुन्या देवळांच्या आणि वाड्यांच्या सुतारकामाशी नातं सांगतात, तर भिंतींवरच्या रंगीत चिनी फरशांची नक्षी इराणी वळणाची आहे. आतल्या दालनाच्या दारापाशी थांबाच. काळ्याभोर दगडात शिंपल्याचे बारीक तुकडे बसवून वेलबुट्टी काढली आहे आणि ती अजून चमकते. बीदरच्याच बिदरी कामात काळ्या धातूवर चांदी उठते. इथे काळ्या दगडावर शिंपला उठतो. दोन्हीकडे नजर एकाच गावची आहे, असं मला ठामपणे वाटतं. या एका दारासाठी बीदरला जावं.

किल्ल्यातला तख्त महाल पुष्कळ ढासळला आहे, पण त्याच्या उंच कमानी आणि फरशांमधला वाघ व सूर्य पाहिला की मूळ थाट डोळ्यांपुढे उभा राहतो. निजामाच्या राजवटीत हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने गुलाम याझदानी यांच्या देखरेखीखाली इथला ढिगारा उपसला, डागडुजी केली. ते काम झालं नसतं तर आपल्याला फारसं काही दिसलंच नसतं.

विजापूरच्या महालांचं नशीब वेगळं. अली आदिलशहा पहिला याचा गगन महाल १५६१ च्या सुमाराचा. मधली प्रचंड रुंद कमान आणि दोन बाजूंच्या अरुंद कमानी अजून उभ्या आहेत, पण छत नाही, लाकूडकाम नाही. १६८६ मध्ये आदिलशाही बुडाली, पुढे शहर ओस पडलं, आणि १८८५ मध्ये इंग्रजांनी जिल्ह्याचं ठाणं इथे आणल्यावर जुन्या महालांत सरकारी कचेऱ्या थाटल्या गेल्या. सात मंजिली या उंच महालाचे वरचे मजले गेले आहेत. मात्र तिथले हौद आणि पाण्याचे नळ पाहण्यासारखे आहेत. समोरचा जलमंदिर हा छोटा मंडप नाजूक कोरीवकामासाठी चुकवू नका.

खऱ्या अर्थाने टिकला तो असर महाल. मुहम्मद आदिलशहाने १६४६ च्या सुमारास न्यायदानासाठी बांधलेली ही इमारत पुढे पैगंबरांच्या पवित्र केसांची जागा झाली, आणि त्या श्रद्धेनेच ती वाचली. समोर तलाव, पूर्वेला उघडा दर्शनी भाग, त्याला पेलणारे सागवानाचे उंच खांब. वरच्या दालनांत रंगीत भित्तिचित्रं आहेत. आतल्या भागात स्त्रियांना प्रवेश देत नाहीत, हे सहकुटुंब जाणाऱ्यांनी आधीच लक्षात घ्यावं. मला हे फार खटकतं, कारण चित्रं आतच आहेत.

सोयीत विजापूर सरस. सोलापूरहून अंतर सुमारे शंभर किलोमीटर, राहण्या-खाण्याची सोय चांगली, आणि महालांखेरीज गोल घुमट, इब्राहिम रौझा, जामा मशीद अशी दिवस पुरणार नाही इतकी श्रीमंती. लहान मुलं बरोबर असतील, इमारतींची भव्यता पाहायची असेल, तर इथेच जा. लातूर-उदगीरकडच्यांना बीदर जवळ; पुण्या-मुंबईहून मात्र प्रवास लांबतो.

बीदरची एक अडचण सांगून ठेवतो. रंगीन महालाला अनेकदा कुलूप असतं. किल्ल्यात शिरल्याबरोबर पुरातत्त्व खात्याच्या कर्मचाऱ्यांना विचारा, उघडून द्यायची विनंती करा. नुसतं बाहेरून पाहून परतू नका. आत उजेड कमी, म्हणून विजेरी जवळ ठेवा. आणि शिंपल्याच्या कामाला हात मात्र लावू नका.