किल्ला चढायचा की म्हैसमाळहून उतरायचं?

दिवाळी आटोपली की दोन-चार फोन ठरलेले. कुणी जालन्याच्या वसतिगृहातून करतं, कुणी परभणीहून. "सर, पोरांना घेऊन मदतनिधीसाठी काहीतरी करायचंय. किल्ला करू की म्हैसमाळ?" पोरं याला चॅलेंज म्हणतात. आमच्या वेळी मदतफेरी असायची. डबा घ्यायचा, बाजारातून फिरायचं, संध्याकाळी चिल्लर मोजायची, संपलं. आता आधी पोरांनी घाम गाळायचा आणि मग लोकांनी खिशात हात घालायचा, अशी रीत आली आहे. मला ती आवडली.

मी दोन्ही करून पाहिलंय. पहिल्या वर्षी दौलताबादचा किल्ला, दुसऱ्या वर्षी म्हैसमाळ या डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणाहून खाली खुलताबादपर्यंत पायी. दोन्ही वेळा पन्नास-साठ मुलंमुली, आठवीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंतची, बहुतेक मुसलमान. तुमची टोळी वेगळी असेल तर माझा निवाडा जसाच्या तसा उचलू नका.

गौताळ्याचं नाव कुणीतरी काढतंच. अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते आणि साठ पोरांचा गलका त्या जंगलाला सोसणारा नाही. दहा-बारा जण असतील तर जरूर जा. ते इथेच सोडतो.

किल्ल्याच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे, आणि ते मी मनापासून बोलतो. औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे गाडीखर्च कमी. आत शिरल्यावर वाहनांची भीती नाही. वाट एकच, चुकायला जागा नाही. आणि देणगीदाराला सांगायला सोपं: "पोरं देवगिरी चढणार." एवढ्यावर त्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहतं. चांदमिनारासमोरचा फोटो गेला की दुबईत असलेला मामासुद्धा पैसे पाठवतो. म्हैसमाळच्या रस्त्याचा फोटो म्हणजे डांबर, वाळलेलं गवत आणि पाठमोरी पोरं. पोरांनाही खंदक, अंधारी (खडकातला काळोखा बोळ), वरची बारादरी यांत जी मजा आहे ती बारा किलोमीटर डांबरात नाही. दिल्लीची माणसं इथवर चालवत आणणाऱ्या तुघलकाला १३२७ मध्ये प्रायोजक शोधावे लागले नव्हते. आपल्याला लागतात, आणि प्रायोजकांना किल्ला आवडतो.

तरी मी परत किल्ल्यावर नेणार नाही. कारण सांगतो, ऐकायला किरकोळ वाटेल.

पहिल्या वर्षी आम्ही साडेनऊला दरवाजातून आत गेलो. रविवार होता, त्यात शाळांच्या सहली. अंधारीपाशी पुढचे थांबले म्हणून मागचे थांबले. मोबाईलच्या टॉर्चवर एकेक जण वर सरकत होता आणि वरून उतरणारे त्याच बोळात समोर येत होते. बुरखा सावरत चढणाऱ्या मुली, मध्येच कुणाचं तरी वटवाघळाला घाबरून किंचाळणं. पहिली पोरं बारादरीत पोचली तेव्हा शेवटची अजून खंदकाच्या पुलावर होती. पाऊण वाजला. जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, वेळ सुरू झाली होती. दहावीतली एक मुलगी तळाला चार बोटं पाणी उरलेली बाटली धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, हे प्यायचं का वजू करायचा?" वजू म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिघे जण तिथेच पायरीवर उभे राहून तयम्मुम (पाण्याऐवजी मातीने शुद्धी) चालेल का यावर वाद घालू लागले. चौथा म्हणाला, आपण मुसाफिर आहोत, कसर (प्रवासातली आखूड नमाज) पढू. त्याला सांगितलं, बाबा, मुसाफिर व्हायला सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर किलोमीटर लागतात, तू टाऊन हॉलहून आलायस. (परभणीहून आलेल्या दोघांना मात्र कसर होती, आणि ते त्या दिवशी उगाच भाव खात होते.) तेवढ्यात पहारेकरी आला आणि सभ्यपणे म्हणाला की वर नमाज पढता येणार नाही. त्याचं चुकलं नव्हतं. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूत जिथे आधीपासून इबादत (उपासना) चालू नाही, तिथे ती नव्याने सुरू करता येत नाही. हा नियम मला माहीत असायला हवा होता.

मग जी पांगापांग झाली ती झाली. काही जण खाली निघाले. काहींना वरचा बुरूज पाहायचाच होता, कारण लोकांना तसा शब्द दिलेला. खाली उतरलेल्यांनी नळ शोधला, जागा शोधली, चार-चार पाच-पाच जणांनी मिळून जमातीने नमाज पढली. असरला (तिसऱ्या प्रहरच्या नमाजाला) अवकाश होता, वेळ कुणाची चुकली नाही. पण एकत्र निघालेली साठ पोरं एकत्र काही राहिली नाहीत. खाली येऊन मोजली तर एक कमी. पुन्हा मोजली, पुन्हा एक कमी. तो पठ्ठ्या वर तोफेपाशी फोटो काढत बसला होता आणि फोनची बॅटरी संपलेली. त्याला आणायला दोघे परत साडेसातशे पायऱ्या चढले. तोवर इकडे वानरांनी खजुराची एक पिशवी लांबवली.

त्या पायऱ्यांची आणखी एक गंमत. आम्ही "पायरीमागे एक रुपया" असं जाहीर केलं होतं. वर गेलेल्या प्रत्येकाची मोजणी वेगळी आली. एकाच्या सातशे बारा, दुसऱ्याच्या सातशे एक्क्याऐंशी. तिसऱ्याने अंधारीतल्या धरल्याच नव्हत्या, दिसल्या नाहीत म्हणून. देणगीदारांतला एक किराणा दुकानदार सातशे बारावर अडून बसला. हसण्यावारी गेलं, पण पुढच्या वर्षी हिशेबाला पक्कं माप हवं हे तेव्हाच ठरलं.

म्हैसमाळ सुचवलं आमच्या आपांनी, ज्या मुलींची जबाबदारी घेतात. माझ्या मनात खुलताबादहून वर म्हैसमाळला चढत जायचं होतं. चॅलेंज म्हटल्यावर चढ नको का? आपा म्हणाल्या, "वर पोचल्यावर साठ पोरांना पाणी कुठून देणार, सर? उलटं करा. गाडीने वर जाऊ, चालत खाली येऊ. शेवट खुलताबादला होऊ द्या." मला पटायला आठ दिवस लागले. आज म्हणेन, सगळ्या बेतातली शहाणपणाची गोष्ट तीच होती.

म्हैसमाळ १,०६७ मीटरवर आहे. तिथून खुलताबादपर्यंत बारा किलोमीटरमध्ये जेवढी उंची उतरतो, ती दौलताबादच्या टेकडीच्या उंचीशी साधारण मिळतीजुळती आहे. फक्त इथे ती रस्ताभर पसरलेली. गुडघ्यांना कळते, दम लागत नाही. फजर (पहाटेची नमाज) पढून शहरातून निघालो, नऊच्या सुमारास वरून चालायला सुरुवात केली आणि साडेबाराच्या आगेमागे सगळे खुलताबादेत. तिथे मशीद आहे, हौद आहे, नळ आहे, चहा आहे. जोहरची जमात दीडला होती. लोकांना वजू करून, पाय पसरून बसायला वेळ मिळाला. सगळे एका सफेत (रांगेत) उभे राहिले. माझ्या लेखी दिवस तिथेच सार्थकी लागला.

मुलींची सोय वेगळी बघावी लागते, हे आधीच सांगतो. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींत बायकांना जागा नसते. आम्ही ओळखीतल्या एका घराचं अंगण आणि दोन खोल्या आदल्या आठवड्यात बोलून ठेवल्या होत्या. स्वच्छतागृहाचा प्रश्नही त्यातच सुटला. ज्या खालाचं घर होतं त्यांनी वर गुळाचा चहा पाजला. पण हे आयत्या वेळी होत नाही. तुम्ही त्या भागातले नसाल तर महिनाभर आधी जाऊन बसावं लागेल.

म्हैसमाळचे तोटेही आहेत, लपवत नाही. रस्ता चालता आहे, आणि रविवारी वळणांवर मोटरसायकली अशा येतात की काळजाचा ठोका चुकतो. म्हणून आम्ही शनिवार घेतला. पोरांना उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं चालवलं. दोघांपेक्षा जास्त जण शेजारी नाहीत. पुढे एक मोटरसायकल, मागे एक जीप, चमकपट्ट्यांची जाकिटं, आणि पोलीस ठाण्यात आधी अर्ज. हा सगळा व्याप किल्ल्यावर नसतो. सावली कमी आहे. पावसाळ्यात त्या डोंगरावर धुकं उतरतं, तेव्हा या रस्त्यावर पोरं चालवायचीच नाहीत. आणि "उतार आहे, मग चॅलेंज कसलं?" हे किमान दहा जणांनी मला ऐकवलं. त्यांना म्हणायचो, या आणि चाला. एकही आला नाही, पण पैसे दिले.

पण मागची जीप ही या बेताची खरी जमेची बाजू. दम्याचा त्रास असलेली एक अकरावीतली मुलगी आमच्याबरोबर होती. किल्ल्यावर तिला मी खालीच बसवून ठेवलं असतं. इथे ती चार किलोमीटर चालली, जीपमध्ये बसली, आणि शेवटच्या किलोमीटरला स्वतःच उतरून परत चालायला लागली. तिच्या वहीत पाच किलोमीटर लिहिले. किलोमीटरमागे दहा रुपयांप्रमाणे शेजारच्या काकांकडून पन्नास, मामाकडून पन्नास. रकमेवरून कुणी वाद घातला नाही, कारण किलोमीटरचे दगड रस्त्यावर उभे आहेत, ते काही पायऱ्यांसारखे अंधारात नाहीत. भाजीवालीलाही हे परवडतं. ती म्हणते, माझे बारा रुपये लिहा, किलोमीटरला एक. किल्ल्याच्या वेळी तिला साडेसातशे ऐकून संकोच वाटला होता.

पैशांचं थोडं सविस्तर, कारण दोन्ही ठिकाणी घोळ इथेच होतो. जकात (धर्माने बंधनकारक दान) आणि सदका-लिल्लाह (स्वेच्छेचं दान) यांचे डबे पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा, वह्याही वेगळ्या. जकात गरजूच्या हातात पडली पाहिजे, त्याच्या मालकीची झाली पाहिजे. गाडीभाडं, बॅनर, जाकिटं यात ती घालता येत नाही. पहिल्या वर्षी एका सद्गृहस्थाने जकातीचं पाकीट दिलं आणि म्हणाले, "खर्चालाही वापरा, माझी हरकत नाही." त्यांची हरकत नसून काय उपयोग? पाकीट खर्चाला शिवलं नाही, भाड्यासाठी आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली. आमच्या भागातले मौलाना जकात मुसलमान गरजूंपुरतीच सांगतात. लिल्लाहच्या पैशाला ती अट नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही सप्टेंबर २०२५ च्या पुरात वह्या-पुस्तकं वाहून गेलेल्या पोरांसाठी चाललो. यादीत सगळ्या जातिधर्मांची पोरं होती. ऊसतोडीला गेलेल्यांची होती, आजोबांकडे राहणारी होती. कुणाला कुठल्या डब्यातून द्यायचं हे आधी ठरलेलं होतं, म्हणून वाटपाच्या दिवशी कुणापुढे अवघडल्यासारखं झालं नाही. वाटपाचे फोटोही काढले नाहीत. चालणाऱ्यांचे काढा हवे तेवढे. शेवटचं जेवणही आपापल्या पैशाने. साठ जणांना नान-खलिया खाऊ घालायचा मोह मलाही झाला होता, पण चंद्यातून नाही म्हणजे नाही.

तारखेचं दोन्हीकडे सारखंच आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दहानंतर बाहेर उभं राहवत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लागेल, आणि २०३० साली तर दोनदा येईल, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर परत. सध्या डिसेंबर ते जानेवारीचा मध्य एवढाच काळ हातात आहे, त्यातून परीक्षांचे दिवस वगळा. शुक्रवार जुम्मामुळे नाहीच. खुलताबादचा उरुस आणि भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांचे श्रावणातले शनिवार टाळायचे, पण ते हिवाळ्यात आड येत नाहीत. या चालत जाणाऱ्यांमुळेच खुलताबादच्या लोकांना पायी आलेल्या टोळीचं अप्रूप नाही. पाणी विचारलं की लगेच मिळतं.

तर कुणी काय करावं? पंधरा-वीस कॉलेजची मुलं असतील, सगळी धडधाकट, आणि अकराच्या आत खाली येण्याची शिस्त असेल, तर किल्लाच करा. सकाळी दरवाजा उघडताच आत शिरा, मधल्या वारी जा, नमाज शहरात परतून पढा. त्या टोळीला म्हैसमाळचा रस्ता कंटाळवाणा वाटेल. मुली असतील, लहान मुलं असतील, पन्नासच्या वर संख्या असेल, आणि सगळ्यांनी एकत्र नमाज पढावी अशी तुमची इच्छा असेल, तर मी म्हैसमाळच म्हणेन. वजूच्या पाण्यासाठी मध्ये सहाव्या किलोमीटरच्या आसपास नळ बसवलेला एक पिंप जीपमध्ये ठेवा. लागला नाही तर पोरं तोंडं धुतात.

गाडीचं मात्र आत्ताच बघा. प्रासंगिक करारावर एसटी मिळते, पण डिसेंबरात शाळांच्या सहली सुरू झाल्या की आगारात चकरा मारून चपला झिजतात.