वाढदिवस डोंगरात करायचाय, मग रसाळगड, माचाळ की आंबोली?

माझ्या नणंदेच्या मुलाचा दहावा वाढदिवस डिसेंबरात येतोय आणि परवा तिचा फोन आला की वैनी यंदा हॉल नको, सगळे मिळून दोन दिवस डोंगरात राहू, थोडं चालू, तू सांग कुठे जायचं. आम्ही चिपळूणचे, समुद्र बारा महिने आहेच, त्यामुळे पोरांना त्याचं अप्रूप नाही, डोंगरात राहायचं म्हटलं की मात्र उड्या मारतात. गेल्या काही वर्षांत आमच्या घरचे तीन वाढदिवस असे झाले, लेकीचा आठवा रसाळगडला, सासूबाईंची पासष्टी माचाळला आणि नवऱ्याची चाळिशी आंबोलीत. फोनवर सांगता सांगता तास गेला तरी तिचं ठरेना, म्हणून सगळं नीट लिहूनच काढतेय, अजून कुणाचं अडलं असेल तर त्यांनाही उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, फोटो बघून जागा ठरवू नका. तिन्ही ठिकाणं सुंदर आहेत, त्यात डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो रात्री. दुपारी सगळे खुशीत असतात, पण रात्री दोनला लहान पोर उठून शू आली म्हणतं, आजीला अंधारात कुठे न्यायचं कळत नाही, प्यायचं पाणी संपतं, कुणाला ताप चढतो, तेव्हा गाडी किती पावलांवर आहे आणि जवळ कुणाचं घर आहे का, यावर सगळं ठरतं. मी तरी आता एवढंच बघते, बाकीचं नंतर.

रसाळगड खेड तालुक्यात आहे, खेडपासून वीसेक किलोमीटर, आणि गाडी थेट रसाळवाडीपर्यंत जाते. तिथून गड म्हणजे रमतगमत वीस मिनिटं, पोरं असली तर अर्धा तास. चढ आहे पण दमवणारा नाही, दोन दरवाजे लागतात आणि मग वर एकदम मोकळं पठार, झोलाईदेवीचं देऊळ, पाण्याची टाकी, जुन्या धान्यकोठाराची इमारत आणि जागोजागी तोफा. पोरांना तोफा इतक्या आवडतात की मोजत सुटतात, आमच्या लेकीने तर प्रत्येक तोफेला नाव दिलं होतं. समोर सुमारगड आणि महिपतगड, हे तिन्ही एकाच रांगेतले, ट्रेकवाले तिन्ही मिळून करतात. पण वाढदिवसाला आलेल्या कुटुंबाने सुमारगडाच्या नादी लागू नये, रान दाट आहे, वाट चुकते आणि शेवटचा टप्पा अवघड आहे. मोठ्यांनी वाटाड्या घेऊन वेगळ्या दिवशी करावा.

ट्रेकिंगवाले वरती देवळातच मुक्काम करतात. आम्ही मात्र वाडीत एका घराच्या अंगणात तंबू लावले आणि तो निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला, कारण घरातलं शौचालय मिळालं, पाणी मिळालं, आणि रात्री जेवायला चुलीवरची तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी. संध्याकाळी वर जाऊन सूर्यास्त बघितला, उतरलो, झोपलो, आणि खरा वाढदिवस दुसऱ्या दिवशी सकाळी परत वर जाऊन केला.

ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यासमोर आहे. देवळासमोर लेकीला पाटाऐवजी घडी केलेल्या चादरीवर बसवलं, सासूबाईंनी ताट तयार केलं, सुपारी, अंगठी, अक्षता सगळं घरून रुमालात बांधून आणलेलं, पण निरांजन काही राहीना, लावलं की वारा विझवतोय. चार वेळा झालं. मग माझ्या दिराने टोपाचं झाकण आडवं धरलं, पोरांनी गोल करून पाठी वाऱ्याकडे केल्या आणि त्या आडोशाला औक्षण झालं. वाडीतले एक आजोबा आमच्याबरोबर वर आले होते, त्यांनी स्वतःहून देवीपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, लेकीचं नाव घेऊन, या पोरीला सुखी ठेव, हिच्या वाटेतलं इडापिडा दूर कर, आणि आम्ही सगळे मागून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होतो. लेक आता अकरा वर्षांची आहे, केक कसला होता ते तिला आठवत नाही, गाऱ्हाणं शब्दाशब्दाने आठवतं. म्हणून दहा वर्षांच्या आतबाहेरच्या मुलाचा वाढदिवस असेल तर मी डोळे मिटून रसाळगड सांगते.

एक लक्षात ठेवा, वर देवस्थान आहे. मटण, दारू, मोठा स्पीकर यातलं काहीही वर नेऊ नका. गावाला ते खटकतं आणि खटकायलाच हवं.

आता माचाळ. लांजा तालुक्यात, विशाळगडाच्या बरोबर समोर, उंच पठारावर वसलेलं गाव. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथे चालत चढूनच यावं लागायचं, आजारी माणसाला डोलीतून खाली न्यायचे, आता रस्ता झालाय म्हणून आपल्यासारख्यांना आजी-आजोबांना घेऊन जाता येतं. लांज्याहून भांबेड, प्रभानवल्ली, खोरनिनको असं जायचं, अंतरापेक्षा घाट आणि वळणांना वेळ जातो, दीड-दोन तास धरा आणि उजेडात पोचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा.

माचाळची गंमत म्हणजे तिथे गेलं की करायचं असं काही नसतं आणि तेच मोठ्या माणसांना हवं असतं. उतरत्या छपरांची घरं, अंगणात सारवलेलं, सकाळी धुकं इतकं की शेजारचं घर दिसत नाही. मुचकुंदी नदी इथेच उगम पावते, मुचकुंद ऋषींची गुहा आहे तिथपर्यंत चालत जाता येतं, आणि विशाळगडाकडे उतरणारी जुनी पायवाटही आहे पण ती गावातल्या माणसाशिवाय करू नका. सासूबाई गुहेपर्यंत काठी टेकत टेकत आल्या, वाटेत तीनदा बसल्या, आणि एका घरातल्या आजींशी त्यांची अशी गट्टी जमली की दुसऱ्या दिवशी निघताना दोघींच्या डोळ्यात पाणी.

तिथे आम्हाला तंबूंनी दगा दिला. भाड्याने आणलेल्या तीन तंबूंपैकी एकाला वरचं कव्हरच नव्हतं, ते आम्हाला तिथे जाऊन अंधारात कळलं. माचाळला जानेवारीत दव पडतं म्हणजे पाऊस पडल्यासारखंच, पहाटे चारला सासूबाईंची गोधडी ओली झाली आणि त्या कुडकुडायला लागल्या, शेवटी ज्यांच्या अंगणात होतो त्यांनी उठून घरात घेतलं, चुलीजवळ बसवलं, काळा चहा दिला. घर पंधरा पावलांवर होतं म्हणून निभावलं. तेव्हापासून भाड्याचा तंबू घरच्या अंगणात एकदा पूर्ण लावून बघितल्याशिवाय मी पैसे देत नाही, आणि साठीच्या पुढच्या माणसाची झोपायची सोय तंबूत नाही, घरातच करते.

थंडी तिन्हीकडे आहे पण माचाळची वेगळीच. रसाळगडला स्वेटर पुरतो, माचाळला कानटोपी, मोजे, दोन पांघरुणं, आणि जमिनीवर अंथरायला जाड चटई, कारण थंडी खालून जास्त लागते.

आंबोली यांच्यात सगळ्यात सोयीची. सावंतवाडीपासून साधारण तीस किलोमीटर, हॉटेलं आहेत, एमटीडीसी आहे, मेडिकलचं दुकान आहे, मुंबई-पुण्याहून येणारे नातेवाईक असतील तर ते रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरू शकतात. नवऱ्याच्या चाळिशीला आम्ही बावीस माणसं होतो, त्यात दोन तान्ही बाळं, एक जण डायबेटिसचे, आणि दोघांना कमोडशिवाय चालत नाही, एवढा गोतावळा मी रसाळवाडीत नेलाच नसता. पण खरं सांगायचं तर आंबोलीला कॅम्पिंग म्हणून जे होतं ते बहुतेक कुणाच्या तरी खासगी आवारात. जंगल राखीव आहे, परवानगीशिवाय आत तंबू ठोकायचा नाही आणि ठोकूही नये, गवे रात्री रस्त्यापर्यंत येतात. शांतता हवी असेल तर जवळच्या चौकुळ गावात घरगुती राहण्याची सोय बघा, मला ते आंबोलीच्या बाजारापेक्षा जास्त आवडलं.

चालण्याच्या बाबतीत आंबोली सौम्य. महादेवगड पॉइंट, कावळेसाद, नांगरतास, हिरण्यकेशी, सगळीकडे गाडी जवळपर्यंत जाते, त्यामुळे ज्यांना ‘चढलो’ असं वाटायला हवं त्यांची थोडी निराशा होते, आमच्या पुतण्याची झाली. पण ज्याला झाडं-प्राणी आवडतात अशा मुलाला मात्र आंबोलीसारखी जागा नाही. हिरण्यकेशीच्या कुंडातला एक छोटासा मासा, शिश्टुरा हिरण्यकेशी, २०२० मध्ये नवीन जात म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. नदीचा उगम, महादेवाचं देऊळ आणि त्याच पाण्यात जगात नव्याने ओळख झालेला मासा, हे पोरांना तिथे उभं राहून सांगितलं की ती आपोआप शांत होतात. त्या पाण्यात पाय बुडवू देऊ नका. पावसाळ्यात तर तिथे बेडकांचीच जत्रा, आंबोली टोड नावाचा छोटा भेक आहे ज्याची वेगळी जात म्हणून ओळख २००९ मध्ये पटली, आणि झाडावरून झेपावणारा हिरवा मलबारी बेडूक, जाणकार माणूस बरोबर घेऊन रात्री टॉर्चने बघता येतात.

बरेच जण विचारतात रायगड का नाही. रायगड बघायलाच हवा, रोपवे १९९६ पासून आहे त्यामुळे आजी-आजोबाही जाऊ शकतात, आणि २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या यादीतही गेला. पण गडावर तंबू ठोकण्याचा विचार सोडून द्या, आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी इतकी की घरच्यांशी बोलायलाही निवांतपणा मिळत नाही. एक दिवस दर्शनाला जा, पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी डोकं टेकवा, वाढदिवसाचा मुक्काम दुसरीकडे करा.

साप-विंचवाचं बोलायलाच हवं, कोकणातली माणसं आपण. फुरसं दगडात, पालापाचोळ्यात बसतं आणि मातीसारखंच दिसतं, मण्यार रात्री अंथरुणात शिरते, त्यामुळे तंबूची चेन कायम बंद, बूट घालण्याआधी झटकायचे, रात्री टॉर्चशिवाय पाऊल नाही, आणि नुसत्या चादरीवर उघड्यावर झोपायचं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्याने कितीतरी पोरांचे जीव वाचले, पण तो उपचार डॉक्टरकडेच होतो, म्हणून काही चावलं तर दोरी बांधणं, चिरणं, मंत्र यात वेळ घालवू नका, १०८ ला फोन करा आणि तोवर गाडी काढा. इथे आंबोली उजवी ठरते, रसाळवाडीतून खेड गाठता येतं, माचाळहून मात्र घाट उतरून खाली यायला वेळ लागतो. घरात कुणाला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर मी माचाळ नको म्हणेन, सासूबाईंना तसं काही नव्हतं म्हणून नेलं.

खर्चात रसाळगड सगळ्यात स्वस्त, पेट्रोल, जेवणाचे पैसे आणि वाडीला मनापासून द्यायचं ते. माचाळ थोडं वर, आंबोली सगळ्यात महाग कारण खोल्या घ्याव्या लागतात आणि शनिवार-रविवारी भाव चढतात. जेवणाचे पैसे देताना घासाघीस करू नका, डोक्यावरून पाणी आणून ती बाई आपल्याला जेवू घालते.

केकबद्दल एवढंच की क्रीमचा नेऊ नका, घाटात त्याचा लगदा होतो. घरी भाजलेला रव्याचा केक न्या नाहीतर तिथेच खापरोळ्या करायला सांगा, नारळाच्या गोड रसात बुडवून वाढदिवसाचा पहिला घास, आमच्याकडे पोरांना तो केकपेक्षा आवडला. फुगे, चमकी, फवारे घरी ठेवा. डिसेंबरनंतर गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने वणवा लागतो, आणि आकाशात सोडायचे कंदील तर अजिबातच नको. धुराने आग्या मोहोळही उठतं, त्यामुळे शेकोटी अंगणातच, घरवाले सांगतील तिथे.

वाढदिवस पावसाळ्यात येत असेल तर तंबूचा हट्ट सोडा, आंबोलीत खोली घ्या, जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी ठेवा. मे महिन्यातला असेल तर माचाळ, तिथे दुपारीही झाडाखाली बसवतं, रसाळगडचं पठार तेव्हा तापतं.

नणंदेला मी रसाळगड सांगितलाय. मुलगा दहा वर्षांचा, आजोबा चालणारे, माणसं अकरा, बसतं सगळं. तारीख ठरली की वाडीत तीन-चार दिवस आधी फोन करून माणसं किती, त्यात लहान किती, उपासाचं कुणी आहे का हे सांगायचं, कारण तांदूळ दळून ठेवावे लागतात, आणि जाताना त्यांच्या घरातल्या पोरांसाठी वह्या आणि आपल्याकडचा थोडा सुका खाऊ न्यायचा, मागच्या वेळी तिथल्या मुलीने आमच्या लेकीला रानफुलांचा गजरा करून दिला होता.