विंडोज ११ वर पेजमेकर ७ : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगतो. पेजमेकर ७, म्हणजे अडोबीचा पानं मांडायचा जुना प्रोग्रॅम, विंडोज ११ वर चालतो का? चालतो. थेट चालवावा का? माझ्या मते नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) विंडोज एक्सपी टाका आणि त्यात चालवा. दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत आमच्या डीटीपी सेंटरवरचं सगळं जुनं काम मी असंच काढलंय. थेट इन्स्टॉल केलेली कॉपी मशीनवर अजून आहे, पण तिला हात लावायची वेळ आलेली नाही.

२००१ सालचा प्रोग्रॅम अजून कशाला वापरता, असं विचारणाऱ्यांनी मार्चनंतर एक दिवस आमच्याकडे येऊन बसावं. पतसंस्थेचा माणूस येतो आणि म्हणतो, "दादा, मागच्याच वर्षीचा अहवाल, फक्त आकडे बदला." शाळेची स्मरणिका, देवस्थानची पावतीपुस्तकं, मंडळाच्या वर्गणीच्या पावत्या, सगळ्यांचं तेच. हे सगळं मॅटर पेजमेकरच्या पीएमडी फाइलींत आहे आणि युनिकोडच्या, म्हणजे आजच्या मोबाइल-वेबवरच्या मराठीच्या पद्धतीच्या, आधीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, म्हणून तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. सात नंबरच्या आवृत्तीनंतर अडोबीने पेजमेकर पुढे नेलाच नाही, सगळा भर इनडिझाइन या आपल्याच दुसऱ्या प्रोग्रॅमवर दिला. इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडायचा, पण सीएस ६ या आवृत्तीपर्यंतच. त्यानंतरच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. म्हणजे जुनी फाइल उघडायची तर जुनाच प्रोग्रॅम हवा.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. ऐन दिवाळी अंकांच्या धांदलीत ही तारीख आली. नवीन मशीन घ्यायचंच होतं, ते घेतलं आणि विंडोज ११ आलं. इथे एक फरक नीट लक्षात घ्या. विंडोज १० ची ३२ बिटची आवृत्ती मिळायची, आणि तिच्यात डॉसचे आणि १६ बिटचे, म्हणजे फार जुन्या बांधणीचे, प्रोग्रॅम चालवण्याची सोय होती. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे १६ बिटचा विषयच संपला. पेजमेकर ७ स्वतः ३२ बिटचा आहे, म्हणून तो वाचला. त्या काळच्या पुष्कळ सॉफ्टवेअरची गंमत अशी, की प्रोग्रॅम ३२ बिटचा पण त्याचा सेटअप १६ बिटचा. सीडी घातली की सेटअपच बोंबलतो, आणि माणूस म्हणतो सॉफ्टवेअर चालत नाही.

थेट इन्स्टॉल ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकू नका, सरळ सी ड्राइव्हवर वेगळा फोल्डर करा. जुने प्रोग्रॅम आपल्या सेटिंगच्या फाइली स्वतःच्याच फोल्डरमध्ये लिहायला जातात, आणि व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप भलत्याच जागी वळवतं. मग सेटिंग बदललं तरी बदललेलं दिसत नाही आणि आपण डोकं खाजवत बसतो. प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटी टॅबमध्ये एक्सपी सर्व्हिस पॅक ३ निवडा. मोठ्या रिझोल्यूशनच्या स्क्रीनवर टूलबॉक्स मुंगीएवढा दिसतो. त्याच टॅबमधल्या डीपीआयच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम एनहान्स्ड' केलं की डोळ्यांना बरं पडतं.

पण कम्पॅटिबिलिटी मोड करतो काय, तर मुख्यतः प्रोग्रॅमला विंडोजचा जुना नंबर सांगतो आणि काही विनंत्या वळवून देतो. जुना ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटरसारखं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम, तो कुठून आणणार? आणि आमच्या धंद्यात गाडं तिथेच अडतं. पोस्टस्क्रिप्ट (छापायच्या पानाची भाषा) समजणारा प्रिंटर, फॉन्ट सॉफ्टवेअरचा कीबोर्ड, डोंगल (सॉफ्टवेअरचं लायसन्स ओळखायला पोर्टला लावायचं छोटं यंत्र), सगळी ड्रायव्हरचीच कामं. पान उघडलं, दिसलं, पण मराठी टाइप होईना आणि पीडीएफ निघेना, तर त्या चालण्याला काय अर्थ आहे?

म्हणून व्हर्च्युअलबॉक्स. फुकट आहे, आणि एक्सपीची सीडी व लायसन्स आमच्याकडे पूर्वीपासून होतं. एक्सपीला रॅम एक जीबी दिली, प्रोसेसर एकच दिला, डिस्क आयडीई या जुन्या जोडणीची ठेवली. साटा या नव्या जोडणीच्या एएचसीआय पद्धतीचा ड्रायव्हर एक्सपीत मुळात नसतो, त्यामुळे डिस्क साटा केली तर निळी स्क्रीन बघायची तयारी ठेवा. नेटवर्क पूर्ण बंद. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय, त्याला इंटरनेट दाखवायचंच नाही. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्हही एक्सपीला जोडत नाही. ते बाहेर, विंडोज ११ मध्ये तपासायचे आणि लागेल तेवढंच शेअर्ड फोल्डरमधून आत न्यायचं. पेजमेकरची फाइल मात्र शेअर्ड फोल्डरमध्ये उघडून तिथेच सेव्ह करत बसू नका. आधी एक्सपीच्या सी ड्राइव्हवर कॉपी करायची, काम झालं की बाहेर टाकायची.

वेगाबद्दल. आजच्या साध्या मशीनवरही पेजमेकर आत पळतो. संथ वाटला तर व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली उजवीकडे बघा, तिथे छोटं हिरवं कासव दिसतंय का. कासव दिसलं म्हणजे विंडोजचा स्वतःचा हायपर-व्ही (असाच आतले कॉम्प्युटर चालवणारा भाग) वाटेत बसलाय आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या डोक्यावर बसून काम करावं लागतंय. बऱ्याचदा हे विंडोज सिक्युरिटीतल्या कोअर आयसोलेशनच्या 'मेमरी इंटिग्रिटी'मुळे होतं. ती बंद केली की कासव जाऊ शकतं, पण बाहेरच्या विंडोजची तेवढी सुरक्षा कमी होते. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात तिथे कासव राहिलेलं परवडलं, असं माझं मत. पेजमेकरला तेवढा वेग पुरतो.

आता खरं काम, पीडीएफ. एक्सपीतून थेट नव्या प्रिंटरवर छापायच्या भानगडीत पडूच नका, एक्सपीसाठी ड्रायव्हर आता बनतच नाहीत. माझी पद्धत अशी. एक्सपीत पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर टाकून ठेवलाय. पेजमेकरच्या प्रिंटमध्ये ऑप्शन्सला गेलं की 'राइट पोस्टस्क्रिप्ट टू फाइल' असा चौकोन आहे, तो टिक करायचा आणि फॉन्टही फाइलीतच घालायला सांगायचं. तयार झालेली फाइल शेअर्ड फोल्डरमधून बाहेर आणायची. बाहेर घोस्टस्क्रिप्ट हे पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणारं सॉफ्टवेअर आहे, ते 'प्रीप्रेस' (छपाईपूर्व) सेटिंगवर तिची पीडीएफ करून देतं. फॉन्ट घालायचा राहिला तर 'वार्षिक अहवाल'च्या जागी अगम्य इंग्रजी अक्षरं येतात, म्हणून पीडीएफ उघडून फॉन्टची यादी बघितल्याशिवाय सीटीपीला (छपाईची प्लेट काढायला) पाठवत नाही. दोन रंगांच्या पावतीपुस्तकांना कलर टॅबमधून सेपरेशन (प्रत्येक रंगाचं वेगळं पान) काढतो, तेही बिनबोभाट निघतं. एका रंगाच्या कामाला तर बाहेरच्या लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर पान काढलं की झालं.

ही पीडीएफ छपाईला उत्तम, पण तिच्यातलं मॅटर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकता येत नाही. आत मराठी नाहीच, मराठीचे आकार आहेत. हल्ली संस्था वेबसाइटसाठी तोच मजकूर युनिकोडमध्ये मागतात, तेव्हा जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर लागतो. त्याला किती उलाढाली कराव्या लागतात ते 'वार्षिक' या एका शब्दात कळेल. माझ्या जुन्या फॉन्टमध्ये हा शब्द जसा दिसतो त्याच क्रमाने साठवलेला आहे : व, काना, पहिली वेलांटी, मग ष, त्यावर रफार, शेवटी क. युनिकोडमध्ये रफाराचा र आधी येतो, मग ष, आणि वेलांटी ष च्या नंतर. म्हणजे कन्व्हर्टरने वेलांटी उचलून पुढे न्यायची आणि रफार मागे. साध्या मजकुरात हे बरोबर होतं. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असले शब्द आले की प्रूफ वाचायलाच लागतं, त्याला पर्याय नाही.

कॉपी-पेस्टने मजकूर एक्सपीतून बाहेर काढू नका, हे जोर देऊन सांगतो. जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या अक्षर-कोष्टकातल्या प्रत्येक नंबरवर एखादं अर्ध अक्षर किंवा मात्रा बसवलेली असते. १७३ हा नंबर विंडोजच्या लेखी ऐच्छिक हायफनचा, नवे प्रोग्रॅम तो दाखवतच नाहीत. १२९ आणि १४१ सारख्या काही नंबरांना तर विंडोजच्या कोष्टकात अक्षरच नेमलेलं नाही. तुमच्या फॉन्टचं एखादं अर्ध अक्षर नेमकं तिथे असेल तर ते वाटेत गळू शकतं, आणि पानभर मजकुरात ते पटकन लक्षात येत नाही. पेजमेकरमधून टेक्स्ट फाइल एक्स्पोर्ट करायची आणि ती फाइलच कन्व्हर्टरला द्यायची.

जाता जाता डॉसचं. आमचं बिलिंग अजून फॉक्सप्रो या डॉसच्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये आहे, बनवणाऱ्याने धंदा कधीच बदलला. त्याला एक्सपीची गरज लागली नाही, व्हीडॉस नावाचा छोटा प्रोग्रॅम पुरला. डॉसबॉक्स हा तसाच दुसरा प्रोग्रॅम मुळात खेळांसाठी, व्हीडॉस मात्र असल्या ऑफिसच्या प्रोग्रॅमसाठीच बनवलाय. एलपीटी १ (जुन्या प्रिंटर पोर्ट) ला पाठवलेलं बिल विंडोजच्या प्रिंटरवर येतं. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, त्यामुळे हिशेब अडकून पडायची भीती नाही.

न आवडलेलं : आत-बाहेर करताना हाताचा गोंधळ होतो. आत कीबोर्डचा टाइपरायटर लेआउट, बाहेर इनस्क्रिप्ट लेआउट, त्यात माउस आत अडकला की उजवं कंट्रोल दाबायचं. नवीन आलेल्या मुलीला पेजमेकरच माहीत नव्हता, तिला एक्सपी हे काय प्रकरण आहे तेही समजावावं लागलं. स्नॅपशॉट (एक्सपीच्या त्या त्या वेळच्या साठवलेल्या अवस्था) साठत गेले की डिस्क खातात, अधूनमधून काढून टाका. बॅकअप मात्र सोन्याहून पिवळा : एक्सपीचं मशीन बंद करून त्याचा अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी केला की विंडोज, फॉन्ट, पेजमेकर, सगळं त्यात आलं. नवीन काम यात घेत नाही, ते युनिकोडमध्येच होतं.

मॅकवाल्यांनी एम चिपच्या मशीनवर हे करायला जाऊ नये. तिथल्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी चालत नाही, आणि यूटीएमसारख्या एम्युलेटरमध्ये चालवला तर बराच संथ.

डोंगलचं शेवटी, कारण फोन त्याचेच जास्त येतात. डोंगल यूएसबीचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी सेटिंगमध्ये त्याचा फिल्टर टाका आणि कंट्रोलर १.१ किंवा २.० ठेवा, ३.० चा ड्रायव्हर एक्सपीत नाही. एक्सपी चालू होताना ते आपोआप आत जातं. डोंगल जुन्या पॅरलल पोर्टचं असेल तर यूएसबी-पॅरलल केबल विकत घेऊ नका, ती फक्त प्रिंटरसाठी असते, डोंगल तिच्यातून ओळखलं जात नाही. तुमचं जुनं पी-फोर (पेंटियम ४) मशीन भंगारात गेलं नसेल तर ते डोंगलसकट जपून ठेवा, आणि फॉन्ट विकणाऱ्याकडे यूएसबीचं बदलून मिळतंय का ते मशीन चालू आहे तोवरच विचारून घ्या.